आठवीपर्यंत अ-१, नववीत आपटी: नेमकं काय बिघडतं?

सातपूरकर | सोमवार, रात्री ९.४२

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, पण यावेळी जाणकारांचा सल्ला हवा आहे.

मुलगी नववीत आहे. राज्य मंडळ, सेमी इंग्रजी, नाशिकच्या सातपूर भागातलीच अनुदानित शाळा. आठवीपर्यंत प्रगतिपुस्तक उघडलं की अ-१, फार तर एखादा अ-२. यंदा पहिल्या घटक चाचणीत बीजगणितात २० पैकी ७, विज्ञानात ९. भूमितीचा पेपर तिने दाखवलाच नाही. दप्तराच्या तळाशी घडी करून ठेवलेला तिच्या आईला सापडला. मग रडारड, अबोला, सगळं यथासांग पार पडलं.

मुलगी टिवल्याबावल्या करणारी नाही. रोज दोन-अडीच तास बसते. स्वतःचा मोबाइल नाही (आईचा मधूनमधून पळवते, तो भाग वेगळा). कंपनीत विषय काढला तर शिफ्टमधल्या निम्म्या लोकांच्या घरी हीच कथा. एकाचा मुलगा दहावीला ८८ टक्के घेऊन अकरावी सायन्सला गेला आणि पहिल्या सत्रात फिजिक्समध्ये नापास.

म्हणजे वरचा वर्ग खरंच एवढा अवघड असतो, की आधीचे गुणच फुगवलेले होते? कॉलेज रोडच्या एका क्लासने फी सांगितली आहे, पाच आकडी. भरायची तयारी आहे, पण दुखणं कळल्याशिवाय औषध कशाला घ्यायचं, म्हणून विचारतोय.

नाना_पंचवटी | सोमवार, रात्री १०.०५

सोपं उत्तर आहे. आठवीपर्यंत कुणाला नापासच करायचं नाही म्हटल्यावर दुसरं काय होणार? सगळेच पास, सगळेच अ-१. नववीत पहिल्यांदा खरा पेपर हातात पडतो आणि पितळ उघडं पडतं. आमच्या वेळी चौथीत दोन-दोनदा बसलेली पोरं वर्गात असायची. धाक होता. आम्हाला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, साडेतीनचे पाढे, तोंडपाठ करून घेतले होते. आजही बाजारात साडेतीन किलोचा हिशोब भाजीवाल्याच्या आधी सांगतो.

मिसळ_कमी_तिखट | सोमवार, रात्री १०.११

नाना, चौथीत दोनदा बसलेल्या त्या पोरांचं पुढे काय झालं तेही सांगा की. आमच्या गल्लीतला असा एक जण तिसऱ्यांदा बसलाच नाही, थेट गॅरेजवर गेला.

नाना_पंचवटी | सोमवार, रात्री १०.१४

द्वारकेजवळचं गॅरेज का? मग त्याला नावं ठेवू नका. आज तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त कमावतो.

वर्गशिक्षिका | सोमवार, रात्री ११.२०

हायस्कूलला गणित आणि विज्ञान शिकवते. जरा लांबलचक लिहितेय, चालवून घ्या.

आधी नानांच्या मुद्द्याबद्दल. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात ठेवणं बंद झालं, हे खरं. पण २०१९ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि आपल्या राज्याने २०२३-२४ पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. ३५ टक्के पडले नाहीत तर जादा मार्गदर्शन, मग पुनर्परीक्षा, आणि तरीही जमलं नाही तर त्याच वर्गात. सातपूरकर, तुमची मुलगी ती चाळणी पार करूनच नववीत आली आहे. तरीही सात मिळाले. त्यामुळे पास-नापासाचा बडगा हे पूर्ण उत्तर नाही.

गुण फुगतात का? फुगतात, पण कोणी लबाडी करतं म्हणून नाही. रचनाच तशी आहे. सातवी-आठवीला १०० पैकी ४० गुण आकारिक मूल्यमापनाचे: तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, गृहपाठ, लहान चाचण्या. उरलेले ६० संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे, त्यातही थोडे तोंडीला. खालच्या वर्गांत तर आकारिकचा वाटा याहून मोठा, पहिली-दुसरीला ७०. कल्पना उत्तम होती, की मूल रोज कसं शिकतंय ते पाहावं, एका पेपरावर त्याचा निकाल लावू नये. पण भरलेल्या वर्गात, शाळाबाह्य सर्वेक्षणापासून निवडणुकीपर्यंतची कामं सांभाळून, ते चाळीस गुण शेवटी कशाचे पडतात? नेटकी वही, वेळेवर दिलेला प्रकल्प, वर्गात शांत बसणं. तुमच्या मुलीसारख्या मुलीला त्यात ३६-३७ आरामात मिळतात. मग नववी येते. गणितात ४० गुणांचे दोन लेखी पेपर आणि अंतर्गत फक्त २०. आठवीचं गणित एका पुस्तकात मावतं, नववीला भाग १ आणि भाग २ अशी दोन पुस्तकं हातात पडतात. नेटकेपणा तोच राहतो, त्याची किंमत निम्मी होते.

आता खरी गोष्ट. तुम्ही पेपरात नववीचं काय चुकलं ते शोधू नका. कितव्या इयत्तेचं चुकलं ते शोधा.

मी दर जूनला नववीच्या नव्या वर्गात फळ्यावर एक उदाहरण लिहिते: क्ष/२ + क्ष/३ = १०. क्ष काढा. पाच मिनिटांनी वह्या बघत फिरते. बऱ्याच वह्यांत पुढची पायरी असते २क्ष/५ = १०. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. मग क्ष = २५, खाली दोन रेघा, उत्तराला चौकट. अक्षर मोत्यासारखं. मी म्हणते, बरं, २५ चे निम्मे किती? साडेबारा. इथेच दहाच्या वर गेलो की आपण! त्यात अजून २५ चा तिसरा हिस्सा मिळवायचाय. वर्ग गप्प. खरं उत्तर १२ आहे, ६ आणि ४ मिळून १०, आणि ते तोंडी येण्यासारखं आहे.

ही चूक बीजगणिताची आहे का? क्ष झाकून टाका आणि नुसतं १/२ + १/३ विचारा, तीच मुलं तशीच चुकतात. छेद समान करणं पाचवी-सहावीतलं. तेव्हा ते नीट बसलं नाही. सहावी, सातवी, आठवीत ते झाकलं गेलं, कारण तिथे गणिताच्या पेपरात अपूर्णांकाचं प्रकरण आलं तरी चार-सहा गुणांपुरतं. नववीत अपूर्णांकाचं वेगळं प्रकरण नाही, पण तो सगळीकडे आहे. गुणोत्तर-प्रमाण, त्रिकोणमिती, विज्ञानातली सूत्रं, सगळीकडे. पायातली एक वीट हलली की पहिल्या मजल्याला फारसं कळत नाही, वरचे मजले चढवताना भिंतीला तडे जातात, आणि आपण वरच्या गवंड्याला शिव्या घालतो.

नानांच्या पावकी-निमकीबद्दल एक सांगते, मला त्याचा हेवा वाटतो. घोकंपट्टी म्हणून नाही. तुम्हाला 'पावणेदोन' म्हटलं की डोळ्यासमोर आकडा उभा राहतो. माझ्या वर्गातल्या मुलांना १.७५ लिहिता येतं, पण ते दोनपेक्षा थोडं कमी आहे हे जाणवत नाही. म्हणून २५ हे उत्तर त्यांना खटकत नाही.

नाना_पंचवटी | सोमवार, रात्री ११.३१

बाई, पहिल्यांदा कुणीतरी पावकीची बाजू घेतली. कायद्याचं मागे घेतो, पावकीचं घेत नाही.

आकडेमोड | मंगळवार, सकाळी ७.५०

वर्गशिक्षिकांच्या मुद्द्याला पुरवणी. अंतर्गत गुणांचा परिणाम किती मोठा असतो याचा पुरावा आपल्याच दहावीच्या निकालात आहे. २०१८ चा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के. २०१८-१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले आणि त्याच वर्षी अभ्यासक्रमही नवा होता. २०१९ चा निकाल आला ७७.१० टक्के. ओरड झाली, अंतर्गत गुण परत आले, आणि २०२० ला निकाल ९५.३० टक्के. त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरीने गुण दिले होते, तेही धरा. तरी मुलं एका वर्षात बारा टक्क्यांनी ढ होऊन पुढच्या वर्षी अठरा टक्क्यांनी हुशार झाली, असं तर कोणी म्हणणार नाही.

कालिका | मंगळवार, सकाळी ९.१५

फक्त राज्य मंडळाचं हे दुखणं आहे असं वाटत असेल तर तो गैरसमज काढून टाका. माझा मुलगा सीबीएसईला, गंगापूर रोडच्या बाजूला. सहावीपर्यंत ९५ च्या खाली कधी आला नाही. सातवीत सामाजिक शास्त्रात घसरला, आठवीत विज्ञानात. शाळेचं म्हणणं 'फोकस कमी आहे'. प्रत्येक पालकसभेत हेच वाक्य. फोकस कशावर कमी आहे ते विचारलं की पुढच्या पालकाचा नंबर येतो.

गणितात तो बरा आहे. त्याचा घोळ वेगळाच आहे. धडा चार वेळा वाचतो, प्रश्न थोडा फिरवला की अडतो.

क्ष_किरण | मंगळवार, दुपारी १.३०

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सध्या पीएल (परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी) चालू असल्याने वेळच वेळ (नाहीये, पण तरी).

मी त्या ८८ टक्केवाल्या मुलाच्या बाजूने बोलतो. मी निफाड तालुक्यातल्या गावातून मराठी माध्यमातून दहावी केली, ९१ टक्के. अकरावीला नाशिकला आलो. पहिला महिना वर्गात काय चाललंय ते कळतच नव्हतं. सगळे म्हणतात इंग्रजीचा प्रॉब्लेम. तो होताच, पण तो दिवाळीपर्यंत सुटतो. शब्द तेवढे शंभर-दोनशे असतात, लिहून काढले की बसतात. संवेग तोच मोमेंटम, त्वरण तेच ॲक्सेलरेशन.

खरी गोची वेगळी आहे. अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात दुसऱ्याच धड्यात व्हेक्टर आणि डेरिव्हेटिव्ह येतात. गणिताच्या तासाला डेरिव्हेटिव्ह येतं वर्षाच्या शेवटी. म्हणजे फिजिक्सचे सर गृहीत धरतात की गणिताचे सर शिकवतील, आणि गणिताचे सर म्हणतात अजून वेळ आहे. मध्ये आपण.

दुसरं म्हणजे दहावीत मी प्रत्येक धड्याखालचा स्वाध्याय पाठ केला होता. अक्षरशः पाठ. प्रश्न तिथूनच किंवा त्याच धर्तीवर येतात, त्यामुळे ९१ पडले. अकरावीला ते चालत नाही हे कुणी सांगितलंच नाही. बरं, मी नियमित कॉलेजला जायचो, म्हणून निदान विचारायला सर होते. इंटिग्रेटेडवाले (कॉलेज आणि क्लास एकत्र घेतलेले) मित्र कॉलेजचं तोंड प्रॅक्टिकलपुरतं बघायचे. क्लासमध्ये एकदम जेईईच्या लेव्हलचे प्रश्न. ज्याला पाया माहीत आहे तो उडतो, बाकीचे मागच्या बाकावर बसून वर्षभर फळ्यावरचं उतरवून घेतात. वह्या मात्र भरलेल्या असतात हां, घरी दाखवायला.

वर्गशिक्षिका | मंगळवार, दुपारी ४.०५

क्ष_किरण, नववीत हुबेहूब हेच होतं. विज्ञानाचा पहिला धडा 'गतीचे नियम'. त्यात गतीविषयक तीन समीकरणं, म्हणजे जूनमध्येच सूत्रातून हवं ते चल मोकळं करता आलं पाहिजे. ते शिकवलेलं असतं आठवीच्या दुसऱ्या सत्रात, 'एकचल समीकरणे' या प्रकरणात. दुसऱ्या सत्रात गॅदरिंग, सहल, शिष्यवृत्ती परीक्षेची धावपळ. ते प्रकरण बहुतेक ठिकाणी उरकलेलं असतं.

पेठरोड | मंगळवार, रात्री ८.४५

तुमची चर्चा वाचतोय. शहरातल्या मुलांची काळजी रास्त आहे, पण आमच्याकडची तऱ्हा ऐका. मी सुरगाणा-पेठ पट्ट्यातल्या एका आश्रमशाळेवर आहे.

आमच्याकडे मोठी उडी नववीची नाही, पाचवीची. पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत चौथीपर्यंत शिकायचं, घरी कोकणा बोली, गुरुजीही बऱ्याचदा तीच बोलणारे किंवा निदान समजणारे. पाचवीला पोर एकदम निवासी शाळेत. आई-बाप लांब, खोलीत वीस-पंचवीस जण, तास पुस्तकी मराठीत. त्यातला एखादा पहिले दोन महिने तोंडच उघडत नाही. त्याला ढ समजून मागे बसवलं की झालं, तो तिथेच राहतो. त्याला भागाकार येतो का हे कोणी विचारलेलंच नसतं, कारण प्रश्न कळला की नाही तिथेच गाडी अडलेली.

आणि दुसरं, जे इथे कुणाच्या डोक्यात येणार नाही: द्राक्षं. ऑक्टोबरच्या छाटणीला आणि मग जानेवारीपासून खुडणीला आमच्या भागातली कुटुंबं दिंडोरी-निफाडकडे उतरतात. वसतिगृहात राहणारी मुलं टिकतात. पाड्यावरच्या शाळेतली लहान मुलं मात्र आई-बापाबरोबर जातात, धाकट्या भावंडाला सांभाळायला. परत येतात तेव्हा वर्ग दोन प्रकरणं पुढे गेलेला असतो. वर्षानुवर्षं दुसरं सत्रच बुडत गेलं, तर मुलाला भागाकार, अपूर्णांक, दशांश हे सगळं आयुष्यात कधी नीट दिसलेलंच नसतं. कारण पुस्तकात ते बऱ्याचदा मागच्या अर्ध्यात असतं. आठवी-नववीत आला की म्हणायचं, याला गणितात गती नाही.

आम्ही काही शिक्षकांनी एक पद्धत धरली. मूल कितवीत आहे हे विसरायचं आणि त्याला काय येतं ते बघायचं. मुलांना वाचन-गणित किती येतं हे घरोघरी जाऊन तपासणाऱ्या 'असर'च्या पाहणीत असतात तशा पायऱ्या: साधा परिच्छेद वाचता येतो का, गोष्ट वाचता येते का, हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागाकार. सकाळचा पहिला तास इयत्ता मोडून गट करायचे. सातवीतला मुलगा चौथीतल्याबरोबर बसला की सुरुवातीला लाजतो. महिनाभरात लाज जाते, कारण जमायला लागतं.

मिसळ_कमी_तिखट | मंगळवार, रात्री ९.०२

पेठरोड सर, दंडवत. द्राक्ष महोत्सवाचे फोटो टाकणाऱ्या शहराला हे माहीत नसतं.

ग्रंथपाल_इंदिरानगर | बुधवार, सकाळी १०.३०

कालिकाताईंच्या प्रश्नाकडे परत येते, कारण तो गणिताच्या गर्दीत हरवला.

मूल चार वेळा वाचतं आणि तरी प्रश्न फिरवला की अडतं, याला वाचनाचाच अडथळा म्हणतात. जीन शॅल नावाच्या अमेरिकन अभ्यासिकेने यावर बरंच काम केलं. तिचं म्हणणं, तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकतं, चौथीपासून शिकण्यासाठी वाचतं, आणि या वळणावर बरीच मुलं घसरतात. आधीच्या पुस्तकात रोजच्या बोलण्यातले शब्द असतात. पुढे जाईल तशी वाक्यं लांबतात आणि 'त्यामुळे', 'याउलट', 'जर-तर', 'व्यतिरिक्त' अशा शब्दांवर सगळा अर्थ लटकलेला असतो. मूल अडखळत नाही, खडाखडा वाचतं, म्हणून कुणाला शंका येत नाही.

परीक्षा करून बघायची असेल तर सोपी आहे. मुलाला न शिकवलेल्या धड्यातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगा, पुस्तक मिटायला लावा आणि म्हणा, आता आजीला समजावून सांग. पुस्तकातलंच वाक्य परत आलं तर समजलेलं नाही. स्वतःच्या शब्दांत आलं, मग चुकतमाकत का असेना, तर समजलंय.

आमच्या वाचनालयात पाचवीपर्यंतची मुलं भरपूर येतात. सहावीनंतर पालकच नाव काढतात, 'आता अभ्यास वाढला' म्हणून. माझ्या मते याच्याइतका उफराटा निर्णय दुसरा नाही.

कालिका | बुधवार, सकाळी ११.१०

आत्ताच केलं, आज त्याला सुट्टी होती. आजी नव्हती म्हणून मलाच समजावलं. परिच्छेद होता बाष्पीभवनाचा. पुस्तकातली दोन वाक्यं शब्दशः म्हणाला. मी विचारलं, मग ढगाळ हवेत कपडे का वाळत नाहीत? म्हणे, "ते धड्यात नाहीये." 🙏

आकडेमोड | बुधवार, दुपारी १२.००

सगळं पटलं, पण एक शंका. दोष सगळा मागच्या इयत्तांचा म्हटलं की नववी-दहावीच्या शिक्षकांची जबाबदारी शून्य होते. प्राथमिकवाले म्हणणार घरी कुणी बघत नाही, माध्यमिकवाले म्हणणार प्राथमिकला काही शिकवलं नाही, कॉलेजवाले म्हणणार शाळेने. प्रत्येकाचं बोट खाली.

वर्गशिक्षिका | बुधवार, दुपारी ४.३०

रास्त आहे. स्टाफरूममध्ये हे वाक्य रोज ऐकू येतं आणि चहाबरोबर संपतं. पण माझ्या हातात काय आहे तेही बघा. नववीचा पोर्शन दिवाळीपर्यंत अमुक इतका झाला पाहिजे, कारण फेब्रुवारीपासून दहावीच्या जादा तासांचं घोडं दामटायचं असतं. मी जूनमधले पंधरा दिवस अपूर्णांकाला दिले तर पर्यवेक्षक विचारतात, पालकही विचारतात: "बाई, नववीत पाचवीचं काय शिकवताय?" तरी मी देते. मग पोर्शन मागे पडत नाही, हे माझं निरीक्षण. दर उदाहरणाला तेच ते थांबणं कमी होतं.

क्लासबद्दल सातपूरकरांनी विचारलं होतं. बहुतेक क्लास शाळेच्या एक प्रकरण पुढे पळतात, त्यालाच ते जाहिरातीत मिरवतात. ज्या मुलीची गोची मागे आहे तिला आणखी पुढे पळवून काय साधणार? 'आधी सहावीचं विचारून बघा, मग प्रवेश द्या' असं म्हणणारा क्लास सापडला तर खुशाल पैसे भरा.

सातपूरकर | गुरुवार, रात्री १०.१५

सर्वांचे आभार. बाईंनी सांगितलं तसं पेपर घेऊन बसलो. आयटीआय झालेला माणूस आहे, सीएनसीवर मायक्रॉन बघायची सवय, तेव्हा चूक शोधायला मजा आली म्हणेन.

आधी तिला क्ष/२ + क्ष/३ दिलं. आलं बरोबर! छेद सहा केला, सगळं नीट. म्हटलं, मग सात मार्क कसे? पेपर एकेक ओळ वाचला. एका उदाहरणात शेवटची पायरी होती ३क्ष = १२, आणि पुढे क्ष = १२ − ३ = ९. दुसऱ्या ठिकाणी ५य = २०, म्हणून य = १५. विज्ञानाच्या पेपरात तीच गंमत: वेग काढताना वेळेने भागायच्या जागी वेळ वजा केलेला. विचारलं, हे असं का? तर एकदम ठामपणे म्हणाली, "बाजू बदलली की चिन्ह बदलतं." हे तिला सहावी की सातवीत कुणीतरी सांगितलं होतं आणि तिने ते ब्रह्मवाक्य म्हणून धरलं. बेरजेचं वजा होतं ते बरोबर, पण तीन क्षला गुणलेले आहेत, हे डोक्यातच नाही. म्हटलं, तीन क्ष म्हणजे १२, तर एक क्ष किती? पटकन म्हणाली चार. मग वहीकडे बघून स्वतःच हसली.

म्हणजे उत्तर तिला येत होतं, नियमाने बिघडवलं.

क्लासची फी तूर्त भरत नाही. रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास सहावी-सातवीच्या पुस्तकातली समीकरणं, प्रत्येक उत्तर परत घालून तपासायचं, असं ठरलंय. तिच्या आईचं म्हणणं आहे की आठवीच्या वर्षभरात कुणी ही चूक पकडली नसेल तर वह्या तपासत होतं कोण. याला माझ्याकडे उत्तर नाही.

दोन प्रश्न: खालच्या इयत्तांची पुस्तकं आम्ही रद्दीत दिली, ती कुठे मिळतील? आणि भूमितीचं काय करायचं? तिथे आकडेच नाहीत, चूक शोधू कशी? 'सिद्ध करा' आलं की ती पान कोरं सोडते.

नाना_पंचवटी | गुरुवार, रात्री १०.२२

पुस्तकं विकत घेऊ नका. माझ्या नातवाची पाचवी ते आठवीची सगळी माळ्यावर आहेत. पंचवटी कारंज्यापाशी येऊन घेऊन जा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. पावकीचा तक्ता फुकट.

क्ष_किरण | गुरुवार, रात्री १०.३०

बालभारतीच्या साइटवर सगळ्या इयत्तांच्या पीडीएफ मोफत आहेत, मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांच्या. सेमीवाल्यांनी दोन्ही उघडून शेजारी-शेजारी वाचावं. मला हे अकरावीत कळलं असतं तर तो डिक्शनरीचा खर्च वाचला असता. नानांचा तक्ता मलाही पाठवा.

वर्गशिक्षिका | शुक्रवार, सकाळी ६.४०

शाळेला निघता निघता लिहितेय. भूमितीत कोरं पान सोडणाऱ्या मुलांना सिद्धता येत नाही असं नसतं, सुरुवात येत नाही. आठवीपर्यंत भूमिती म्हणजे कंपास, कोनमापक, मोजणं आणि रचना. नववीत एकदम 'मोजायचं नाही, कारण सांग' असं होतं. तिला सांगा, सिद्धता लिहायचीच नाही. फक्त तीन गोष्टी: आकृती काढ, दिलेलं आहे ते 'पक्ष' म्हणून लिही, मिळवायचं आहे ते 'साध्य' म्हणून लिही, आणि थांब. आठवडाभर एवढंच. मग तुम्ही पुस्तकातली सोडवलेली सिद्धता घ्या, उजवीकडची कंसातली कारणं कागदाने झाका आणि तिला प्रत्येक ओळीला 'कशावरून?' विचारा. त्रिकोणांची एकरूपता आठवीत झाली आहे, तिथूनच सुरुवात करा: बाकोबा (बाजू-कोन-बाजू), कोबाको, बाबाबा. नुसती नावं घोकू देऊ नका, दोन बाजू आणि मधला कोन बोटाने दाखवायला लावा. बहुतेक मुलं मधला नसलेला कोन घेतात, तिथे लक्ष ठेवा. पुढच्या चाचणीचा पेपर आला की इथे टाका, मार्क नको, चुका टाका.